छंदाचा धंदा होतो तेव्हा नेमकं काय बदलतं? एका फेल्टच्या हत्तीची गोष्ट



मागच्या लेखात मी माझ्या पीएचडीचा विषय सांगितला होता. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते, तिच्या स्वेटरला गिऱ्हाईक नाही. मग तिचं चांगलं फेल्ट करता येईल का, हा माझा प्रश्न. आजचा लेख खरं तर फेल्टच्या गुणधर्मांवरच लिहायचा होता. पण मध्ये ताईचा फोन आला आणि लेखाची गाडी इतिहासाकडे वळली. विज्ञानही आहे, काळजी करू नका. मधोमध येईल.

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. ती क्रोशाचे ससे विणते. सुरुवात भाचीसाठी झाली, मग शेजारच्या मुलांसाठी, मग फोटो टाकल्यावर अनोळखी लोक विचारायला लागले. तीन वर्षांपूर्वी तिने ऑनलाइन दुकान काढलं. गेल्या दिवाळीच्या आधी एका भेटवस्तूंच्या दुकानाने एकदम साठ सशांची ऑर्डर दिली. घरात पेढे वाटले आम्ही. अडतिसाव्या सशाला ताईचं मनगट सुजलं. डॉक्टरांनी पट्टा बांधला, सहा आठवडे विणायचं नाही म्हणाले. ऑर्डर अर्धवट गेली, पैसेही अर्धवट आले.

फोनवर ती म्हणाली, "अगं, माझे ससे वाईट आहेत का? नाहीत ना? मग हे चालत का नाही?"

मी बसून तिचा हिशोब मांडला. तुम्हीही बघा. एका सशाची किंमत ३५० रुपये. लोकर, आत भरायचा कापूस, डोळे मिळून १२० रुपये. खोका आणि कागद १५. दुकान ज्या संकेतस्थळावर आहे त्याचं कमिशन ४२. उरले १७३ रुपये. एका सशाला लागतात सहा तास. म्हणजे तासाला २९ रुपयेसुद्धा पडत नाहीत. आणि यात फोटो काढणं, निरोपांना उत्तरं देणं, कुरियरच्या ऑफिसात उभं राहणं धरलेलंच नाही.

तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण फेल्टचा इतिहास वाचताना एक बाई मला आधीच भेटली होती. तिची गोष्ट मी ताईला सांगितली. तीच आता तुम्हाला सांगते.

गिंगेन गावची मार्गारेटे

दक्षिण जर्मनीत ब्रेंझ नदीकाठी गिंगेन नावाचं छोटं गाव आहे. तिथे १८४७ साली मार्गारेटे श्टाइफ जन्मली. दीड वर्षाची असताना तिला पोलिओ झाला. दोन्ही पाय गेले, उजवा हात कमजोर राहिला. पुढचं सगळं आयुष्य चाकाच्या खुर्चीत. त्या काळात अशा मुलीच्या वाट्याला काय येणार होतं, याचा अंदाज तुम्ही करू शकता.

तिने शिवण शिकायचा हट्ट धरला. कमजोर हातामुळे ते तिला जड गेलं, पण शिकली. बहिणींबरोबर शिवणकामाची ऑर्डर घेऊ लागली. झिदर हे तंतुवाद्य शिकली आणि इतरांना शिकवून चार पैसे मिळवले. घरात शिवणयंत्र आलं तेव्हा उजव्या हाताने त्याचं चाक फिरवता येईना. मग तिने यंत्रच उलटं फिरवून ठेवलं आणि मागच्या बाजूने डाव्या हाताने चाक फिरवू लागली. मला ही गोष्ट फार आवडते. आमच्या लॅबमध्ये उपकरण नीट चालत नसलं की आम्ही आधी कंपनीला ईमेल करतो!

१८७७ मध्ये तिने फेल्टच्या कपड्यांचं दुकान काढलं. गावातच फेल्टचा कारखाना होता आणि तिच्या गोतावळ्यातल्या लोकांचा त्याच्याशी संबंध होता. फेल्टचे परकर तेव्हा खूप चालायचे. थंडीत ऊब द्यायचे आणि घेर छान धरायचे. दुकान चांगलं चाललं, हाताखाली काही बायका आल्या.

म्हणजे लक्षात घ्या, हत्ती येण्याआधी दुकान होतं. हा मुद्दा आपल्याला पुढे लागणार आहे.

आता विज्ञान: फेल्टच का?

लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात, मशीनमध्ये धुतला आणि तो बाहुलीच्या मापाचा होऊन बाहेर आला, असा अनुभव तुमच्यापैकी काहींना असेल. ते फेल्टच होतं.

लोकरीचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्यावर कौलांसारखे एकावर एक खवले दिसतात. सगळे खवले केसाच्या टोकाच्या दिशेने उघडतात. त्यामुळे तंतू मुळाच्या दिशेने सहज सरकतो आणि उलट दिशेने अडकतो. ओलावा, उष्णता आणि घासणं या तिघांनी तंतू हलत राहतात. प्रत्येक जण पुढे जातो पण मागे येऊ शकत नाही, त्यामुळे एकमेकांत गुंतत जातात. काही वेळाने एक घट्ट चादर तयार होते आणि ती परत मोकळी होत नाही. सुताला असे खवले नसतात, म्हणून सुती सदरा कितीही घासला तरी त्याचं फेल्ट होत नाही. आपल्याकडे उत्तरेत यालाच नमदा म्हणतात. आपलं घोंगडं मात्र वेगळं. ते मागावर विणतात, त्याला उभे-आडवे धागे असतात.

हे उभे-आडवे धागे नसणं हाच फेल्टचा मोठा फायदा. विणलेलं कापड कापलं की कडेच्या दशा सुटतात. म्हणून कड दुमडून शिवावी लागते. हातभर मोठ्या कपड्यात ते ठीक आहे, पण चार बोटांच्या हत्तीचा कान दुमडून शिवायचा म्हणजे डोकेदुखी. फेल्ट हव्या त्या आकारात, हव्या त्या दिशेने कापा, दशा सुटत नाहीत. कान कापला की कान तयार. वर परकर शिवताना उरलेले लहान तुकडेही वाया जात नाहीत.

इथे मला ताईचा ससा आठवला. क्रोशाचं प्रत्येक टाकं हाताने घालावं लागतं. तिथे वेळ वाचवायला जागाच नाही. फेल्टच्या हत्तीत मात्र कापणं, शिवणं, भरणं, डोळे लावणं ही कामं वेगवेगळी करता येतात. कापणारी एक, शिवणारी दुसरी असू शकते. मार्गारेटेने हे ठरवून केलं असं मी म्हणत नाही. तिच्या हाताशी फेल्ट होतं. पण वस्तू वाढवता येईल की नाही, हे बऱ्याच अंशी ती कशाची केली आहे त्यावरून ठरतं.

टाचण्या खोचायचा हत्ती

१८७९ च्या डिसेंबरमध्ये 'मोडेनवेल्ट' नावाच्या फॅशनच्या मासिकात कापडी हत्तीचा नमुना छापून आला. मार्गारेटेने त्यावरून फेल्टचे छोटे हत्ती शिवले. उद्देश काय, तर टाचण्या खोचायची उशी. पिनकुशन. ओळखीच्या बायकांना भेट द्यायला. स्थानिक बोलीत त्याला 'एलेफेन्टले' म्हणायचे, म्हणजे आपल्या भाषेत 'हत्तुला'.

बायकांनी हत्ती घरी नेले आणि पोरांनी ते पळवले. त्या काळातल्या चांगल्या बाहुल्या चिनीमातीच्या किंवा लाकडाच्या असायच्या. पडल्या की फुटायच्या, कुशीत घेतल्या की टोचायच्या. हा हत्ती मऊ होता. टाचण्या राहिल्या बाजूला.

भाऊ फ्रिट्झने पोतंभर हत्ती शेजारच्या हायडेनहाइमच्या बाजारात नेऊन विकले. १८८६ मध्ये एका वर्षात पाच हजारांहून जास्त हत्ती गेले. हत्तीमागोमाग कुत्रे, मांजरं, घोडे, डुकरं आली.

आता या टप्प्यावर थांबून दोन गोष्टी पाहू. एक, मूळ नमुना तिचा नव्हता, मासिकातला होता. आज क्रोशा करणाऱ्यांमध्ये यावरून भांडणं होतात: दुसऱ्याच्या नमुन्यावरून केलेली वस्तू विकावी का? मार्गारेटे तिथेच थांबली असती तर तिची गोष्ट मी तुम्हाला सांगत नसते. नंतरचे प्राणी तिने आणि पुढे तिच्या पुतण्याने स्वतः रचले. दुसरी गोष्ट, वस्तूचा खरा उपयोग गिऱ्हाइकाने शोधला. तिने फक्त ते वेळेवर पाहिलं आणि 'नाही हो, ही उशी आहे' असा हट्ट धरला नाही.

वाट कोणी बांधली?

गिंगेनसारख्या आडगावातून हजारो हत्ती बाहेर गेले कसे? १८७० च्या दशकाच्या मध्यात गावात रेल्वे आली होती. टपालखातं विश्वासाचं झालं होतं. मार्गारेटेच्या नव्या दुकानाच्या पाटीवर टपालाने माल पाठवणारं फेल्टचं दुकान असा उल्लेख होता. १८९२ मध्ये तिचा पहिला सचित्र कॅटलॉग निघाला. म्हणजे चित्र बघा, पत्र लिहा, माल घरी येईल. आज आपण बोटाने पडदा सरकवतो, एवढाच फरक.

गंमत बघा, ज्या १८७७ साली मार्गारेटेने दुकान काढलं, त्याच वर्षी हिंदुस्थानात टपालखात्याने व्हीपी सुरू केली. 'व्ही.पी.ने मागवा' हे शब्द आपल्या आजोबांच्या पिढीला पाठ होते. पुस्तकं, औषधं, बियाणं, सगळं व्हीपीने यायचं. पोस्टमनला पैसे द्या आणि पार्सल सोडवा. आजच्या 'कॅश ऑन डिलिव्हरी'चं हे मूळ. दूरच्या अनोळखी माणसाकडून न पाहिलेली वस्तू घेण्याचा भरवसा हा कलाकाराने एकट्याने निर्माण केलेला नसतो. त्यामागे रूळ, पोस्टमन, मनीऑर्डर अशी सार्वजनिक व्यवस्था असते. ताईच्या दुकानामागेही असते, आपल्याला फक्त ती दिसत नाही.

१८९३ मध्ये कंपनीची रीतसर नोंदणी झाली आणि त्याच वर्षी त्यांचा माल लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत गेला.

हात सुटला, नजर राहिली

आता ताईच्या प्रश्नाच्या सर्वात जवळचा भाग. हत्ती वाढले तसे ते शिवणारे हात वाढले. कारखान्यात बायका होत्याच, शिवाय गावातल्या आणि आसपासच्या घराघरांत काम जायचं. कापलेले तुकडे न्यायचे, शिवून परत आणायचे. १९०७ मध्ये कारखान्यात सुमारे ४०० माणसं आणि घरून काम करणारी सुमारे १८०० माणसं होती.

मग 'हाताने केलेलं' याचा अर्थ काय उरला? प्रत्येक खेळणं माणसांच्या हातूनच तयार होत होतं, पण मार्गारेटेच्या हातून नाही. तिने स्वतःकडे काय ठेवलं, तर नवीन प्राण्याचा पहिला नमुना. तो ती स्वतः तपासायची. शिवण कुठे उसवेल, पोराच्या हातात काय निघून येईल, हे बघायची. मुलांना जे द्यायचं ते उत्तमच असलं पाहिजे, ही कंपनीची भूमिका तिच्यापासून आलेली.

ताईला मी हे सांगितलं तेव्हा ती पटकन म्हणाली, "मग तो माझा ससा कसा?" मी लगेच उत्तर दिलं नाही. कारण प्रश्न खरा आहे. छंद आपण करतो तो करण्याच्या आनंदासाठी. धंदा वाढला की ते करणंच सगळ्यात आधी आपल्या हातून जातं. यशाच्या गोष्टींमध्ये हे कुणी सांगत नाही.

अस्वल, नक्कल आणि कानातलं बटण

मार्गारेटेचा पुतण्या रिचर्ड कलाशाळेत शिकलेला. प्राणिसंग्रहालयात बसून अस्वलांची चित्रं काढायचा. १९०२ मध्ये त्याने हातपाय हलणारं, मोहेर लोकरीच्या मखमली कापडाचं अस्वल रचलं. नाव अगदी रुक्ष: '५५ पीबी'. बसलेल्या अस्वलाची उंची ५५ सेंटिमीटर, 'पी' म्हणजे प्लश आणि 'बी' म्हणजे हलणारं. आमच्या लॅबमधल्या नमुन्यांची नावंही अशीच असतात, त्यामुळे मला फार जवळचं वाटलं. १९०३ च्या लाइपझिग जत्रेत एका अमेरिकन खरेदीदाराने ३००० अस्वलांची ऑर्डर दिली.

इकडे अमेरिकेत काय झालं होतं? नोव्हेंबर १९०२ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मिसिसिपीत शिकारीच्या वेळी बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला. क्लिफर्ड बेरीमन यांचं त्यावरचं व्यंगचित्र गाजलं. ब्रुकलिनमध्ये गोळ्या-चॉकलेटचं दुकान चालवणाऱ्या मॉरिस आणि रोझ मिचटम या जोडप्याने ते पाहून कापडी अस्वल शिवलं आणि दुकानाच्या काचेत ठेवलं. 'टेडी' हे नाव रूझवेल्ट यांचं. दोन खंडांत, एकमेकांशी संबंध नसताना, जवळपास एकाच वेळी टेडी बेअर जन्मला. मिचटम यांचीही पुढे मोठी कंपनी झाली.

मागणी वाढली की नकलाही येतात. मऊ अस्वल काय कुणीही शिवू शकतं. त्यावर श्टाइफ कुटुंबाने काढलेला उपाय मला फार हुशारीचा वाटतो. १९०४ मध्ये फ्रान्झ या दुसऱ्या पुतण्याने प्रत्येक खेळण्याच्या कानात धातूचं छोटं बटण लावायची कल्पना काढली. सुरुवातीच्या बटणांवर हत्ती होता. बटणामुळे नकला थांबल्या नाहीत. पण अस्सल कोणतं हे गिऱ्हाइकाला कळू लागलं.

१९०७ या एका वर्षात त्यांनी ९ लाख ७४ हजार अस्वलं केली. १९०९ मध्ये मार्गारेटे न्यूमोनियाने गेली. आणि ज्या '५५ पीबी' पासून हे सगळं वाढलं, त्याचा एकही नमुना आज शिल्लक असल्याचं माहीत नाही.

गोष्टीतून गळणारे भाग

अशी गोष्ट ऐकली की आपण म्हणतो, बघा, जिद्द असली की होतं. विज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून मला इथे थांबावंसं वाटतं. आम्ही प्रयोग करताना फक्त यशस्वी नमुने मोजले तर गाईड वही अंगावर फेकतील. त्या डिसेंबरच्या अंकातला हत्ती आणखीही बायकांनी शिवला असणार. त्यांची गोष्ट कुणी लिहून ठेवली नाही.

मार्गारेटेकडे जिद्द होतीच. पण गावात फेल्टचा कारखाना होता. आधीपासून चालणारं दुकान होतं, म्हणजे हत्ती विकला गेला नाही तरी चूल पेटत होती. बाजारात पोतं नेणारा भाऊ होता, पुढे शिकलेले पुतणे होते. रेल्वे होती. आणि घरोघरी शिवणाऱ्या शेकडो बायका होत्या, ज्यांची नावं कॅटलॉगवर नाहीत. त्यांच्या एका तासाचा हिशोब कसा निघेल, हा प्रश्न मला ताईचा हिशोब मांडल्यापासून सतावतो.

म्हणून तिच्या गोष्टीतून मी एकच गोष्ट उचलते. छंदाचा धंदा होतो तेव्हा वस्तू फारशी बदलत नाही. वस्तूभोवतीचं सगळं बदलतं: माल कुठून येतो, कामाचे तुकडे होतात का, दुसरे हात कोणाचे आणि त्यांना काय मिळतं, वस्तू गिऱ्हाइकापर्यंत कशी पोचते आणि ती तुमचीच आहे हे कशावरून कळतं. ताईचा ससा चांगलाच होता. ती उत्तर सशात शोधत होती.

ताईचं काय झालं?

मनगट बरं झाल्यावर तिने परत हिशोब मांडला, या वेळी तासांसकट. सशाची किंमत ६५० केली. निम्मी गिऱ्हाइकं गेली. जी राहिली ती जुनीच आहेत. आता गल्लीतल्या दोन बायका सशाचे हातपाय आणि कान विणतात. त्यांना नगावर पैसे मिळतात आणि दर त्या तिघींनी बसून ठरवला आहे. धड आणि चेहरा ताई स्वतः करते. दोन डोळ्यांमधलं अंतर एक टाकं इकडेतिकडे झालं तरी ससा वेगळाच दिसतो, असं तिचं म्हणणं. मोठी ऑर्डर आली तर ती आता आधी तारीख सांगते, मग हो म्हणते.

गेल्या महिन्यात तिने सशाच्या तळपायाला एक छोटं लाल टाकं घालायला सुरुवात केली. "हे काय गं?" मी विचारलं.

"बटण," ती म्हणाली.

दुकान अजून मोठं झालेलं नाही. महिन्याला पंधरा-सोळा ससे जातात, घरखर्चाला थोडा हातभार लागतो. पण तिचा रविवार परत तिचा झाला आहे, आणि त्या दिवशी ती विकायचं काहीच विणत नाही. माझ्यासाठी टोपी चालली आहे म्हणे.

पुढच्या लेखात दख्खनी लोकरीचे खवले आणि मेरिनोचे खवले शेजारी शेजारी ठेवून बघू. तोपर्यंत, तुमच्यापैकी कुणी घरी काही करून विकत असाल, तर आज रात्री एकदा तासांसकट हिशोब मांडा. आकडा आला की मला कळवा. माझा अंदाज आहे, तो २९ च्या आसपासच येईल. चुकीचा ठरला तर मला आनंदच होईल.